नवतपा ओलांडणारा हायड्रेंजिया

फेब्रुवारी-मार्चमध्ये नर्सरीत फुललेली हायड्रेंजियाची कुंडी दिसली की हात आवरत नाही. नारळाएवढा गुलाबी किंवा निळा गुच्छ, त्याखाली तकतकीत रुंद पानं. कुंडी घरी येते, ओसरीत मानाची जागा मिळवते, येणारा-जाणारा थांबून बघतो. मे सरता सरता त्याच कुंडीत चार वाळक्या काड्या उरतात. विदर्भात बहुतेकांची या झाडाशी ओळख एवढ्यावरच संपते.

माझीही पहिली कुंडी अशीच गेली. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, वावर सगळं काळं. विहिरीजवळ ओल असते म्हणून मी झाड थेट जमिनीत लावलं. महिनाभरात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. एप्रिलमध्ये दुपारी माना टाकलेल्या दिसल्या की मी बादलीभर पाणी ओतायची. शेवटी झाड उपटलं तेव्हा मुळं हातात चिखलासारखी निसटली आणि कुजका वास आला. इतके दिवस मला वाटत होतं की झाड तहानेनं मरतंय. खरं तर ते बुडून मेलं होतं.

त्यानंतर काही वर्षं कुंड्यांमध्ये प्रयोग केले. आता दर वर्षी फुलं मिळतात, थोडी विकलीही जातात. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडे हायड्रेंजिया करायचा तर आधी दोन गोष्टी सांभाळायच्या, उन्हाळा आणि माती-पाण्यातला चुना. हे दोन सांभाळले की फूल येतं. म्हणून हा लेखही त्याच दोन गोष्टींवर जास्त रेंगाळणार आहे.

झाड ओळखून घ्या

बाजारात मिळणारा हायड्रेंजिया बहुतेक वेळा रुंद पानांचा, मूळचा जपानचा. नावातला 'हायड्र' म्हणजे ग्रीक भाषेत पाणी. पुढचा भाग भांड्याचा, कारण त्याचं बियांचं बोंड छोट्या कळशीसारखं दिसतं. झाडाचा स्वभावही नावासारखाच आहे. रुंद पानांतून पाणी भराभर उडतं, मुळं मात्र उथळ आणि बारीक.

ज्याला आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नसतात. कळीला बाहेरून झाकणारी जी पानं असतात, निदलं, तीच इथं मोठी आणि रंगीत होतात. खरं फूल मधोमध मोहरीएवढं असतं. हे लक्षात ठेवा, फूल कधी तोडायचं ते यावरूनच ठरतं.

गुच्छ दोन तऱ्हेचे असतात. भरगच्च गोल चेंडूसारखा तो मोपहेड आणि मध्ये बारीक कळ्या, कडेनं मोठी फुलं असा चपटा तो लेसकॅप. फुलदाणीसाठी आणि विक्रीसाठी मोपहेडच घ्या. पांढरी जात देखणी असते, पण उन्हाचा डाग तिच्यावर लगेच दिसतो, म्हणून सुरुवात गुलाबी-निळ्या जातीनं करावी.

विदर्भात या झाडाला खरं मानवतं ते चिखलदऱ्याला. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंची, मोठ्या झाडांची सावली, गार रात्री. जिथं कॉफी तग धरते तिथं हायड्रेंजियाही रमतो. पूर्वेकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत पाऊस जास्त आणि पिवळसर-तांबडी माती बऱ्याच ठिकाणी मिळते, त्यामुळे तिकडच्या लोकांचं काम थोडं सोपं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा या काळ्या मातीच्या पट्ट्यात मात्र कुंडीशिवाय नाद करू नका. आणि एकरभर लावायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो आत्ताच काढून टाका. दहा कुंड्या घ्या, एक उन्हाळा काढा, मग पुढचं बोलू.

कुंडी विकत घ्यायची वेळ

फुललेली कुंडी मार्चमध्ये घेणं म्हणजे झाडाला आणल्या आणल्या भट्टीत टाकणं. घ्यायची वेळ पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तेव्हा झाडाला मूळ धरायला पूर्ण हिवाळा मिळतो. फुलं नसतील, रंग दिसणार नाही, दुकानदार जो रंग सांगेल तो माना. रंगाचं पुढं बघूच, तो तसाही आपल्या हातात असतो.

घेताना झाड कुंडीतून अलगद उपसून मुळं बघा. पांढरी, भुरकट, बारीक मुळं हवीत. काळी आणि ओली असतील तर फुकट दिलं तरी आणू नका. बुंध्यातून निदान तीन-चार फांद्या फुटलेल्या असाव्यात.

कुंडीतली माती

आपली काळी माती फुगते, भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५, आणि खाली चुनखडी. हायड्रेंजियाला गुलाबी फुलासाठी ६ ते ६.५ आणि निळ्या फुलासाठी ५ ते ५.५ सामू लागतो. ७ च्या वर गेलं की झाडाला लोह घेता येत नाही आणि पान पिवळं पडतं. संत्रा बागायतदारांना हे नव्यानं सांगायला नको. चुनखडीच्या वावरात संत्र्याची पानं जशी हिरव्या शिरांची जाळी दाखवतात, नेमकं तेच इथं होतं.

म्हणून काळी माती कुंडीत मूठभरसुद्धा नको. माझं मिश्रण असं: दोन घमेली कोकोपीट, एक घमेलं चांगली कुजलेली पानकुज, एक घमेलं लाल मुरमाड माती किंवा धुतलेली जाड वाळू, आणि अर्धं घमेलं गांडूळखत. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं.

माती किंवा वाळू चुन्याची आहे की नाही ते घरीच कळतं. चिमूटभर कोरडी माती बशीत घ्या, तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बारीक फसफस ऐकू आली, बुडबुडे आले, तर चुना आहे. ती माती बाजूला ठेवा. नदीची वाळूही अशीच तपासा, तिच्यातही पुष्कळदा शिंपल्यांचा चुरा असतो.

गावातल्या तीन सवयी इथं मोडाव्या लागतील. चुलीची राख कुंडीत टाकायची नाही, ती अल्कधर्मी असते. अंड्याची टरफलंही नकोत. आणि चुन्यानं रंगवलेल्या भिंतीला लागून कुंडी ठेवायची नाही, पावसात त्या भिंतीचं पाणी थेट कुंडीत उतरतं. याच कारणानं सिमेंटची नवी कुंडीही टाळा. तिच्यातून चुना झिरपत राहतो. मातीची किंवा प्लॅस्टिकची १० ते १२ इंची कुंडी पुरे. तळाला भोकं मोठी हवीत आणि कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे पाणी तुंबत नाही.

पाणी

माती कितीही जमवली तरी बोअरचं जड पाणी चार महिन्यांत तिचा सामू पुन्हा वर चढवतं. ज्या पाण्यानं तुमच्या बादलीला, नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो, ते पाणी कुंडीतही तोच थर सोडतं. म्हणून पावसाळ्यात छपराचं पाणी टाकीत साठवता आलं तर सगळ्यात उत्तम. दहा कुंड्यांना दिवाळीपर्यंत पुरेल एवढं पाणी साधा २०० लिटरचा ड्रम पुन्हापुन्हा भरून मिळतं.

साठवलेलं पाणी संपलं की लिंबूसत्व वापरा. १० लिटर पाण्यात २ ग्रॅमपासून सुरुवात करा, ढवळा, पीएच पट्टी बुडवून बघा. रंग ६ च्या आसपास दाखवेपर्यंत थोडं थोडं वाढवा. एकदा आपल्या विहिरीचं प्रमाण कळलं की रोज मोजायची गरज नाही. कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासून मिळतं, तेही एकदा करून घ्यावं.

एक चूक मी अनेक घरी पाहिली आहे. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालतात. कूलर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो. आठवडाभर चाललेल्या टाकीतलं पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट झालेलं असतं. ते नारळाला घाला, हायड्रेंजियाला नको.

आता ताण. आपल्याकडे संत्र्याच्या आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण देतात. त्या सवयीनं कुणी हायड्रेंजियाला ताण देऊ नये. हे झाड ताणानं बहरत नाही, कळ्या जाळून टाकतं.

उलट बाजूही तितकीच खरी. दुपारी पानं खाली लोंबली म्हणजे पाणी संपलं, असं नाही. कडक उन्हात पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढीपेक्षा जास्त होतो आणि ओल्या मातीतही झाड मान टाकतं. बोट दोन पेरं मातीत खुपसा. आत गार-ओलं लागलं तर पाणी देऊ नका, कुंडी अजून सावलीत सरकवा आणि संध्याकाळी बघा. ताठ झालं असेल तर सगळं ठीक. माझी पहिली कुंडी या एका गोष्टीच्या अज्ञानानं गेली.

मार्च ते जून: खरी परीक्षा

होळी झाली की कुंड्यांची जागा बदला. घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला, जिथं ऊन सकाळी आठ-साडेआठनंतर पोचत नाही अशी जागा हवी. कडुनिंबाची किंवा आंब्याची दाट सावली मिळाली तर त्याखाली, नाहीतर वर ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी. पश्चिमेकडून येणारी झळ उन्हापेक्षा वाईट असते, म्हणून त्या बाजूला तट्टा उभा करा आणि त्यावर ओलं गोणपाट टाका. कूलरच्या वाळ्याच्या जाळीसारखंच ते काम करतं. दुपारी एक-दोनदा गोणपाट आणि खालची जमीन भिजवायची. पानांवर जड पाणी मारू नका, पांढरे डाग पडतात आणि कडा जळतात.

आणि एक युक्ती, जिच्यामुळे माझी झाडं वाचली. प्लॅस्टिकची कुंडी तिच्याहून मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायची आणि दोन्हींमधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवायची. माठातलं पाणी जसं बाहेरच्या झिरपण्यानं गार राहतं, तशी आतली मुळं गार राहतात. आपली हवा एप्रिल-मेमध्ये एवढी कोरडी असते की ही युक्ती चांगलीच लागू पडते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना मधली वाळू हाताला गार लागते, तेव्हा मला खात्री वाटते. मोठी कुंडी नसेल तर फुटक्या रांजणाचा तळही चालतो.

मातीवर दोन इंच आच्छादन घाला. सोयाबीनचं कुटार, धानाचं तणस, वाळकी पानं, जे घरात असेल ते. मात्र बुंध्याला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा.

पाणी दोन वेळा, सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यानंतर, तेही बोटानं तपासूनच. या काळात खत नाही, कुंडी बदलणं नाही, छाटणी नाही. पानांच्या कडा करपतील, दोन-चार पानं गळतील. करपलेली पानं ओरबाडू नका, तीच खालच्या पानांना सावली देतात.

२५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. ते नऊ दिवस कुंड्यांचा रोजचा हिशेब ठेवा. एका वर्षी मी तीन दिवस लग्नाला गेले होते. कामाला येणाऱ्या बाईंनी पाणी दिलं होतं, पण गोणपाट कोरडं राहिलं. परत आले तेव्हा सहा झाडांची सगळी पानं करपून तपकिरी झाली होती. बाई म्हणाल्या, "मेले न जी हे, फेका आता." मी नखानं फांदीची साल खरवडली. आत हिरवं होतं. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या आणि त्यांतल्या चार झाडांना बुडातून कोंब फुटले. म्हणून नखानं बघितल्याशिवाय झाड फेकू नका.

पावसाळा: रोपं वाढवणं आणि छाटणी

जूनअखेर पाऊस बसला की कुंड्या मोकळ्या हवेत आणा. ढगाळ दिवसांत सकाळचं तीन-चार तास ऊन चालतं, हवंच असतं. मुळं कुंडीत गोल फिरली असतील तर याच वेळी एक माप मोठ्या कुंडीत बदला.

छाटणीचं गणित साधं आहे, पण तिथंच जास्त लोक चुकतात. रुंद पानांचा हायड्रेंजिया बहुतेक करून मागच्या हंगामातल्या फांदीच्या शेंड्यावर फुलतो. शेंड्यात पुढच्या वर्षाचा गुच्छ हिवाळ्याच्या तोंडाशी तयार होतो. तेव्हा फांदी कापली की फूल कापलं. म्हणून छाटायचं ते जून-जुलैत. सुकलेल्या काड्या बुंध्यापासून काढा, अशक्त आणि आत वळलेल्या फांद्या काढा, गेल्या वर्षी फुललेली फांदी दोन सशक्त डोळ्यांवर (कोंब फुटायच्या जागांवर) आणा. पोळा झाला की कात्री खुंटीला. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी मी खरोखरच कात्री धुऊन, तेल लावून ठेवून देते.

छाटलेल्या हिरव्या, न फुललेल्या शेंड्यांची रोपं करा. चार ते सहा इंचांचा शेंडा डोळ्याच्या खाली कापा, खालची पानं काढा, वरची दोन पानं निम्मी कापा. खालचं टोक रुटिंग हार्मोनच्या भुकटीत टेकवून अर्धं कोकोपीट, अर्धी वाळू अशा मिश्रणात खोचा. वर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी झाका आणि सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत हलक्या हातानं ओढून बघा, विरोध लागला तर मूळ धरलंय. पावसाळी हवेतला ओलावा आपल्याला फुकट मिळतो, म्हणून हे काम जुलै-ऑगस्टमध्येच करावं. जी फांदी जमिनीकडे झुकते तिला दाब कलमही सहज लागतं.

खत हलकं. जुलै ते ऑक्टोबर दर महिन्याला कुंडीला दोन मुठी गांडूळखत, आणि पंधरा दिवसांनी विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम. नत्र जास्त झालं की पानं ढालीएवढी होतात, फूल येत नाही. पान पिवळं पडलं तर आधी पाण्याचा सामू बघा, मग लोह द्या. हिराकसची फवारणी तात्पुरती मदत करते. चुन्याच्या मातीत मुळातून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड (मातीत अडकू नये असं बांधलेलं) लोह मागा, साधं ईडीटीए तिथं टिकत नाही.

किडींचं थोडक्यात. उन्हाळ्यात पानाखाली लाल कोळी, पावसाळ्यात पानांवर ठिपके, दिवाळीनंतर भुरी, कोवळ्या शेंड्यावर मावा. सुरुवातीलाच पान काढून टाकणं, कुंड्यांत हातभर अंतर ठेवणं आणि निंबोळी अर्क एवढ्यावर दहा कुंड्यांचं भागतं.

गुलाबी की निळा: तुरटीचं काम

माझी आजी पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटीचा खडा फिरवायची. तोच खडा हायड्रेंजियाला निळा करतो.

झाडातलं रंगद्रव्य तेच असतं. त्याला ॲल्युमिनियम मिळालं तर रंग निळा, नाही मिळालं तर गुलाबी. ॲल्युमिनियम मातीत असतंच, पण मुळाला ते आम्लधर्मी मातीतच घेता येतं. म्हणून आपल्याकडे आणलेलं निळं झाड दुसऱ्या वर्षी गुलाबी फुलतं आणि लोक दुकानदारावर चिडतात. पांढरी जात मात्र काहीही केलं तरी पांढरीच राहते.

निळा हवा असेल तर पोळ्यानंतर सुरुवात करा. ॲल्युमिनियम सल्फेट मिळालं तर ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम. नाही मिळालं तर किराणा दुकानातली तुरटी कुटून तेवढीच, फक्त तिचा असर थोडा मंद असतो. आधी साधं पाणी देऊन माती ओली करा, मग हे द्रावण कुंडीला अर्धा ते एक लिटर. दर पंधरा दिवसांनी, गुच्छाला रंग दिसू लागेपर्यंत. जास्त दिलं तर मुळं जळतात, घाई करू नका. निळ्या झाडाला डीएपी, सुपर फॉस्फेट, हाडांचा चुरा देऊ नका, त्यांतलं स्फुरद (फॉस्फरस) ॲल्युमिनियमला मातीतच बांधून टाकतं. आणि पाणी जड असेल तर हा सगळा खटाटोप वाया, आधी लिंबूसत्वाचं बघा.

खरं सांगायचं तर मला आपल्या भागासाठी गुलाबीच पटतो. दहातल्या तीन कुंड्या निळ्या कराव्यात, बाकी गुलाबी ठेवाव्यात.

हिवाळा

गुच्छाची कळी धरायला रात्रीचं तापमान साधारण १८ अंशांच्या खाली सहा आठवडे तरी हवं. आपल्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून ते मिळतं. त्यानंतर थंड देशांत झाडाला ४ ते ७ अंशांची दीर्घ थंडी मिळते, ती आपल्याकडे नाही. म्हणून आपले गुच्छ संख्येनं कमी येतात. जी थंडी आहे ती पूर्ण मिळू द्या. डिसेंबर-जानेवारीत काळजीपोटी कुंड्या घरात आणू नका, रात्री उघड्या आकाशाखाली राहू द्या. नोव्हेंबरपासून नत्र बंद. फेब्रुवारीत शेंडे फुगू लागले की पाणी नियमित करा, इथं एकदा झाड सुकलं तर कळी आतच मरते.

फूल तोडणं

घाई इथं सगळ्यात महाग पडते. गुच्छाला रंग आला की तोडावासा वाटतो, पण तेव्हा तोडलेला गुच्छ दोन तासांत मान टाकतो. थांबा. निदलं पूर्ण उघडू द्या, मधली मोहरीएवढी खरी फुलं उमलू द्या. मग गुच्छावरून तळहात अलगद फिरवा. कोवळा गुच्छ मऊ, ओलसर लागतो. तयार गुच्छ थोडा जाडसर, कागदासारखा लागतो. हा स्पर्श दोन-तीन वेळा चुकून मगच हाताला कळतो.

तोडायची वेळ पहाटे, सूर्य वर यायच्या आधी. आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी दिलेलं असावं. बादली सोबत न्या आणि फांदी कापली की त्याच क्षणी पाण्यात. खाली पानांच्या दोन जोड्या झाडावर राहू द्या. फांदीवरची वरची एखादी जोडी सोडून बाकी पानं काढून टाका, कापलेल्या फांदीतलं पाणी तीच उडवतात.

सावलीत आणल्यावर फांदीचं टोक पाण्याखाली धरून तिरपं कापा, साधारण एक इंच. मग लगेच ओलं टोक कुटलेल्या तुरटीत अर्धा इंच बुडवा आणि पाण्यात ठेवा. हायड्रेंजियाच्या फांदीतून चिकट रस येतो, तो टोकाशी जमून पाण्याची वाट बंद करतो. तुरटी ती वाट मोकळी ठेवते. तुरटी नसेल तर टोक उकळत्या पाण्यात तीस सेकंद धरा, गुच्छाला वाफ लागू नये म्हणून कागद गुंडाळा. नंतर खोल बादलीत, गार अंधाऱ्या खोलीत चार-पाच तास तरी ठेवा. त्यानंतरच बाहेर पाठवा.

एवढं करूनही गुच्छ सुकला तर घाबरू नका. हे एकच फूल मला माहीत आहे, जे डोक्यानंही पाणी पितं. शेजारच्या वहिनींच्या मुलीच्या साखरपुड्याला मी बारा गुच्छ दिले होते. दुपारी त्यांचा निरोप आला, सगळे लोंबले. मी गेले, अंगणातलं धुण्याचं पिंप साध्या पाण्यानं भरलं आणि बाराच्या बारा गुच्छ डोकं खाली करून बुडवले, वर ताट ठेवलं. वहिनी कपाळाला हात लावून उभ्या होत्या. पाऊण तासानं बाहेर काढले, झटकले, टोकं पुन्हा कापली. अकरा उभे राहिले.

घरातल्या फुलदाणीत पाणी रोज बदला, दोन दिवसांनी टोक कापा, गुच्छावर हलकं पाणी शिंपडा. आठवडाभर सहज टिकतो. पिकत घातलेली केळी, आंबे, पपई यांच्याजवळ ठेवू नका, त्यांच्यातून निघणारा वायू फूल लवकर उतरवतो. फ्रिजमध्ये ठेवायचं तर पिशवी झाकून आणि फळं बाहेर काढून.

विकायचं तर

आपल्याकडचा बहर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, म्हणजे लग्नसराईत. नागपूरच्या फूलबाजारात झेंडू किलोनं जातो, हायड्रेंजिया नगावर. आडत्याकडे नेण्यापेक्षा तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन सजावटवाल्यांशी आधी बोलून ठेवा. किती नग, कोणता रंग, कोणत्या दिवशी, हे ठरल्याशिवाय तोडू नका. वर्षाला पाच-पन्नास गुच्छच निघत असतील तर नियमित पुरवठ्याचा शब्द देऊ नका. माझ्या मते फुललेली कुंडीच विकणं जास्त फायद्याचं, आणि सोबत उन्हाळ्याची निगा कागदावर लिहून द्यावी. नाहीतर तुमचं गिऱ्हाईकही मे महिन्यात वाळक्या काड्या बघेल.

पाठवायचं तर पुठ्ठ्याचं खोकं, आत ओला वर्तमानपत्राचा कागद, प्रत्येक फांदीच्या टोकाला ओला कापूस आणि त्यावर प्लॅस्टिक बांधलेलं. गुच्छ एकमेकांना दाबू नयेत. एसटीनं पाठवत असाल तर पहाटेचीच गाडी गाठा, मार्चमध्ये दहानंतरच्या टपावर फूल शिजतं.

एक सावधगिरी. या झाडाची पानं आणि कळ्या विषारी असतात, पोटात गेल्यावर त्यांच्यातून सायनाइड सुटतं. बकऱ्या, वासरं, कुत्री यांच्या तोंडापासून कुंड्या लांब ठेवा. छाटलेला पाला गोठ्यात टाकू नका. जेवणाच्या ताटाच्या किंवा केकच्या सजावटीलाही हे फूल वापरू नये.

वाळवलेले गुच्छ

झाडावरच जून झालेले, रंग थोडा हिरवट-विटका झालेले गुच्छ एप्रिलमध्ये तोडा. पानं काढा आणि अंधाऱ्या, कोरड्या खोलीत देठ वर करून दोरीला टांगा. उन्हात टांगले तर रंग उडतो. आपल्या कोरड्या हवेत ते लवकर वाळतात. त्यानंतर पावसाळा यायच्या आत झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून, बंद करून ठेवा. उघडे राहिले तर जुलैमध्ये ओल धरतात आणि बुरशी येते. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा डबा उघडायचा. गेल्या वर्षी आमच्या मखराला दोन्ही बाजूंनी हेच गुच्छ होते, त्याच सहा करपलेल्या कुंड्यांतल्या वाचलेल्या चार झाडांचे.